जगाच्या वहीत नागपूरचे ऊन

३० मे २०२४ रोजी नागपूर जगभरच्या बातम्यांत झळकले. रामदासपेठेत, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते. पृथ्वीवरचा मान्यताप्राप्त उच्चांक ५६.७ अंशांचा, तोही १९१३ सालचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा. म्हणजे आमची रामदासपेठ थोडक्यात हुकली. हवामान खात्याने लागलीच तपास केला, संवेदक बिघडल्याचे सांगितले आणि आकडा बाद ठरवला. दुसरी काही केंद्रे तेव्हा ४४ अंशांच्या आसपास दाखवत होती. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राचा ५२.९ हा आकडाही असाच संशयात सापडला होता. यात खात्याची नाचक्की झाली असे मला वाटत नाही. चुकीचा आकडा पकडला गेला, कारण शेजारी दुसरे यंत्र होते, मागे कित्येक दशकांच्या नोंदी होत्या आणि ‘हे शक्य आहे का?’ असे विचारणारा माणूस नोकरीवर होता.

त्याच आठवड्यात नागपुरात उन्हाने किती माणसे गेली, हा दुसरा आकडा. त्याच्या शेजारी दुसरे यंत्र नाही आणि तो शून्याजवळ असला तरी ‘हे शक्य आहे का?’ असे कुणी विचारत नाही. माझा वाद या दुसऱ्या आकड्याशी आहे, आणि त्याहून अधिक त्याच्यावरच्या श्रद्धेशी.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. आपत्तींची माहिती देशोदेशी विखुरलेली असते. ती एके ठिकाणी आणावी, एका साच्यात बसवावी, सर्वांना खुली करावी. मग कोणती आपत्ती कुठे किती मारते, वाढते की घटते, पैसा कुठे लावायचा, हे दिसू लागेल. उणीव राहिलीच तर आणखी माहिती गोळा करून ती भरता येईल. आता उपग्रह आहेत, बातम्या वाचून घटना टिपणारे संगणक आहेत. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने १९८८ पासून ‘एम-डॅट’ हा कोश याच विचाराने चालवला. १९०० पासूनच्या सव्वीस हजारांवर घटना त्यात आहेत. पन्नास वर्षांत (१९७० ते २०१९) हवामान आणि पाण्याशी निगडित आपत्ती पाचपट झाल्या आणि त्यांतले मृत्यू मात्र जवळजवळ एक-तृतीयांशावर आले, असे जागतिक हवामान संघटनेने २०२१ साली सांगितले, ते याच कोशाच्या आधारे. आपत्ती-व्यवस्थापनाच्या कोणत्याही व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येते.

संघटनेने या वाढीच्या कारणांत ‘सुधारलेली नोंदणी’ हे कारणही दिले होते. बातम्यांत ते गळाले. कोश चालवणारे स्वतः बजावतात की २००० पूर्वीच्या नोंदी अपुऱ्या आहेत, आलेख काढताना सांभाळा. तेव्हा लूव्हाँच्या मंडळींवर माझा आरोप नाही. आरोप आहे तो ‘वरचा कोश सुधारला की खालचे सत्य आपोआप वर येईल’ या समजुतीवर.

कोशात शिरायला चारपैकी एक तरी अट पुरी व्हावी लागते: दहा किंवा अधिक मृत्यू, शंभर किंवा अधिक बाधित, आणीबाणीची घोषणा, किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक. जगभरच्या घटना एका तक्त्यात तोलायच्या तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण ही रेघ ‘घटने’साठी आखलेली आहे: जिला जागा आहे, तारीख आहे, सुरुवात आणि शेवट आहे. नागपूरचेच मासले घेऊ.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने नरखेड तालुक्यातले मोवाड धुऊन नेले. २०४ माणसे गेली. हा आकडा मोवाडला आजही तोंडपाठ आहे, दरवर्षी त्या दिवशी श्रद्धांजली होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. सीताबर्डीला त्यांचे स्मारक आहे. ही आपत्ती, अपघात की आणखी काही, यावर अभ्यासकांनी हवा तितका काथ्याकूट करावा, ११४ हा आकडा मात्र हलत नाही. त्या मृतांमागे एक समाज उभा आहे आणि तो आपली माणसे मोजून बसला आहे.

आता २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदीने दोन्ही काठ सोडले, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मृत्यू एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दहाच्या अटीत हा पूर बसत नाही, पण बाधित कुटुंबे हजारोंनी होती, तलाठ्यांनी घरोघर पंचनामे केले आणि सरकारने कुटुंबामागे दहा हजारांची मदत जाहीर केली. ‘शंभर बाधित’ ही अट तिथेच पुरी होते. पंचनामा झाला म्हणून बाधित ठरले. मदत द्यायची होती म्हणून पंचनामा झाला. कोशात येतो तो या कागदाचा उतारा.

म्हणून माझा सिद्धान्त असा: आपत्तीच्या वहीत तोच मृत्यू चढतो ज्याच्यावर कुणीतरी दावा सांगितलेला असतो. वारसाने भरपाईसाठी, समाजाने स्मृतीसाठी, सरकारने निधी मागण्यासाठी. ज्या मृत्यूवर कुणाचाच दावा नाही तो लूव्हाँपर्यंत जाणार नाही, कारण तो रामदासपेठेपासून सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कचेरीपर्यंतही गेलेला नसतो.

वीज आणि ऊन यांची तुलना करून हे तपासता येते. दोन्ही सुटी सुटी माणसे मारतात. विदर्भात वीज पडून जाते ती बहुधा शेतात रोवणीला गेलेली बाई, झाडाखाली थांबलेला गुराखी. एका वेळी एक, दोन, फार तर तीन. दहाच्या अटीला दोन्ही सारखीच अपात्र. केंद्राच्या मदतनिधीच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट अशा बारा आपत्ती. थंडीची लाट आहे, उष्णतेची नव्हती. राज्यांनी ती घालण्याची मागणी केली, तेव्हा १५ व्या वित्त आयोगाने जुनी यादीच पुरेशी मानली. वीजही त्या यादीत नव्हती. पण महाराष्ट्राने वीज पडणे ही राज्याची स्वतःची आपत्ती मानली आणि वारसांना चार लाखांची मदत देऊ केली. परिणाम काय झाला? वीज पडली की कोतवाल धावतो, पोलीस पाटील धावतो, तलाठी पंचनामा करतो, शवविच्छेदन होते, प्रकरण तहसीलला जाते. विजेच्या मृत्यूला एक वाट मिळाली. उन्हाच्या मृत्यूची वाट पाहा.

मे महिना, नवतपा. फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, बसस्थानकाच्या आडोशाला एक माणूस निपचित सापडतो. पोलीस मर्ग दाखल करतात. देह मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जातो. उष्माघाताने मेलेल्या शरीरात शवविच्छेदनाला अशी एकही खूण सापडत नाही की जिच्यावरून छातीठोकपणे ‘ऊन’ म्हणता येईल. बाकीची कारणे वगळत वगळत तिथे पोचावे लागते. भक्कम पुरावा एकच, जिवंतपणी मोजलेले शरीराचे तापमान. फुटपाथवरच्या माणसाचा ताप कोण मोजणार? मग ‘संशयित उष्माघात’ असे लिहून प्रकरण मृत्यू-विश्लेषण समितीपुढे जाते आणि समिती, पुरावा नसल्याने, बहुतेक नावे गाळते. ज्येष्ठ नागरिक घरातल्या पत्र्याखाली दगावतात ते तर समितीपर्यंतही पोचत नाहीत. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ असते. खोटे काहीच नाही. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कुणी मरत नाही.

समितीतले डॉक्टर अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. त्यांना दिलेला प्रश्नच असा आहे की त्याचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘सिद्ध होत नाही’ हेच येते. चूक पुढे होते. ‘सिद्ध होत नाही’चे खालच्या कचेरीत ‘नाही’ होते, राज्याच्या तक्त्यात शून्य होते आणि जगाच्या कोशात तेही उरत नाही. तिथे नोंदच नसते.

इथे एक देशी युक्तिवाद नेहमी येतो: नागपूरकराला उन्हाची सवय आहे. कुलर, वाळ्याच्या ताट्या, दुपट्टा, पन्हे, दुपारी बंद दारे. ज्या गावाने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले, त्याला ४४ चे काय? यात अर्धे तथ्य आहे. शरीर सरावते, घरे आणि वेळापत्रके सरावतात. ज्या तापमानाला पॅरिस कोलमडते त्याला नागपूर पंखा वाढवते. हवामान खात्याची व्याख्याही हा सराव गृहीत धरते: सरासरीहून साडेचार अंश वर गेले की लाट. पण मे महिन्यात नागपूरची सरासरीच ४२-४३. या मापाने लाट यायची तर पारा ४७ च्या घरात जायला हवा. म्हणून ‘४५ आणि वर’ ही दुसरी कसोटी ठेवावी लागली. ४४ अंशांचे सलग आठ दिवस आणि न निवणाऱ्या आठ रात्री यांना कागदावर लाट म्हणता येईलच असे नाही. शिवाय सरावलेला नागपूरकर म्हणजे सावली, पाणी आणि सुटी असलेला नागपूरकर. रस्त्यावर डांबर टाकणारा छत्तीसगडचा मजूर त्यात धरलेला नाही.

सवयीच्या सिद्धान्ताला खरा धक्का बसतो तो आपल्याच सीमेवर. २०१५ च्या मे महिन्यात देशभरात उष्माघाताचे दोन हजारांवर बळी अधिकृतपणे नोंदले गेले. त्यांतले बहुतेक आंध्र आणि तेलंगणाचे. त्याच दिवसांत चंद्रपूर-नागपूरही पंचेचाळिशीच्या पुढे होते. प्राणहिता ओलांडली की सवय मोडते आणि ऊन एकाएकी मारू लागते, असे मानायचे का? आंध्र सरकारने तेव्हा वारसांना एक लाख रुपये जाहीर केले होते, हे लक्षात घेतले की कोडे थोडे सुटते. प्रतिपक्षी म्हणेल, म्हणजे तिथले आकडे पैशासाठी फुगवले! काही फुगलेही असतील. पण मग आमचे आकडे पैशाअभावी रोडावले, हेही त्याच तर्काने मान्य करावे लागते. एकाच बाजूला लागू पडणारा तर्क चालत नाही.

देशाच्या पातळीवर ही विसंगती छापील आहे. २०२२ या एकाच वर्षासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो, वीज पडून २,८८७ आणि उष्माघाताने ७३० मृत्यू. हवामान खात्याचा त्या वर्षीचा अहवाल सांगतो, वादळ-विजेने १,२८५ आणि उष्णतेच्या लाटेने ३०. पहिला पोलीस ठाण्यांतून गोळा करतो, दुसरा बातम्या आणि सरकारी कळवण्यांतून. दोघेही आपापल्या परीने खरे. पण ‘जागतिक माहितीची देवाणघेवाण’ म्हणताना यांतला कोणता आकडा दिला-घेतला जाणार? विजेत दोघांचे अंतर सव्वादोन पट, उन्हात चोवीस पट. ज्या मृत्यूला वाट आहे त्याचे आकडे निदान हाकेच्या अंतरावर आहेत.

भूकंपासारख्या ठळक घटनेतही आकडा दगडावरची रेघ नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे बळी महाराष्ट्र शासनाच्या लेखी ७,९२८, तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत ९,७४८. शेवटच्या आठापर्यंतची ही अचूकता पाहून वाचक नमतो. दोन्ही आकडे तितकेच अचूक दिसतात आणि मध्ये अठराशे माणसांचे अंतर आहे.

आता जगाकडे वळू. एम-डॅटमधल्या उष्णतेच्या सर्वांत घातक नोंदी कुठल्या? २००३ चा युरोप, सत्तर हजारांवर. २०१० चा रशिया, पंचावन्न हजारांवर. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात साठ हजारांवर माणसे उष्णतेने गेल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. हा कोश जसाच्या तसा वाचणाऱ्याला वाटेल की उष्माघात हा थंड प्रदेशातल्या श्रीमंतांचा रोग आहे आणि विदर्भ त्यापासून सुरक्षित आहे. पूर्वपक्षाच्या ‘आणखी माहिती जमवा’ या उपायाचा दुबळेपणा इथे उघडा पडतो. युरोपने उन्हाचे बळी जास्त मोजले ते समितीपुढे नेऊन नव्हे. त्यांनी कारणाचा रकाना बाजूला सारला आणि इतकेच पाहिले की एरवी या दिवसांत किती माणसे मरतात आणि या वर्षी किती मेली. वजाबाकी केली.

यावरचे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला: हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात २०२१ अखेर ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारी आकडा पावणेपाच-पाच लाखांत होता. केंद्राने पद्धतीवरच हरकत घेतली. त्या हरकतीत दम होता, कारण पुष्कळ राज्यांच्या रोजच्या नोंदी हाती नसल्याने प्रारूपावर विसंबावे लागले होते. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष माझ्या बाजूचा: नोंदी खुल्या करा, प्रारूपाची गरज आपोआप कमी होईल. दुसरा आक्षेप: अशा हिशेबात नाव कळत नाही, मग भरपाई कुणाला द्यायची? बरोबर, देता येत नाही. भरपाईचा निवाडा समितीकडेच राहू द्या. माझे म्हणणे एवढेच की भरपाईच्या यादीला मृत्यूंची यादी म्हणू नका.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, तरी तोच सर्वांत बळकट आहे. २०१५ च्या सेंदाई आराखड्यात देशांनी वचन दिले की २०३० पर्यंत आपत्तीमृत्यूंचे प्रमाण खाली आणू, आणि त्याचा हिशेब देश स्वतःच पाठवतात. जो देश, जे शहर मोजणी सुधारील, त्याची कामगिरी कागदावर बिघडेल. जे मोजणार नाही ते उत्तीर्ण. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासायची असा हा प्रकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरात नवे रकाने वाढवून हे सुटणार नाही, आणि वरच्या दफ्तरांच्या चिरंजीवपणावरही फार विसंबू नये: अब्ज डॉलरांवर नुकसान करणाऱ्या आपत्तींची आपली नावाजलेली यादी पुढे चालवणार नाही, असे अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने मे २०२५ मध्ये जाहीर करून टाकले.

मंडनासाठी मला बेल्जियमला जावे लागत नाही. वजाबाकीची ही रीत नागपूरला जुनी आहे. १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. गावचा कोतवाल ठरल्या वारी पोलीस ठाण्यात हजर होई आणि आठवड्यातले जन्म-मृत्यू सांगे. त्याच्यापुढे कारणांचे रकाने होते: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा, इतर. ‘भूक’ असा रकाना नव्हता. कोतवाल डॉक्टर नव्हता, तो बहुतेकांना ‘ताप’ लावी. अधिकाऱ्यांना हे सोयीचेच होते. भूकबळी सिद्ध होत नाहीत, असे त्यांना खुशाल म्हणता येई. पण एकूण मृत्यूंची बेरीज कुणाला दडवता आली नाही. १८९७ मध्ये प्रांताचा मृत्युदर नेहमीच्या दुपटीच्या आसपास गेला, आणि १८९१ ते १९०१ या जनगणनांमध्ये प्रांताची लोकसंख्या चक्क घटली. आज इतिहासकार त्या दुष्काळाचे बळी सांगतात ते कारणाच्या रकान्यावरून नव्हे, निरक्षर कोतवालाने सांगितलेल्या एकूण आकड्यावरून.

आणि ही नुसती पुराणातली वांगी नाहीत. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी तिथल्या महापालिकेच्या मृत्युनोंदी उघडून पाहिल्या: त्या महिन्यात ४,४६२ मृत्यू, एरवीच्या मे महिन्यांत सुमारे ३,११८. फरक १,३४४. ‘संशयित’ नाही, ‘निश्चित’ नाही, समिती नाही. या एका वजाबाकीने अहमदाबादला हादरवले आणि २०१३ मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा तयार झाला. नागपूरने त्याच वाटेने पुढे आपला आराखडा केला. आराखडा घेतला, वजाबाकी मात्र घेतली नाही. त्यामुळे आमच्या आराखड्याने किती जीव वाचवले हे सांगायला आपल्याजवळ समितीचा शून्याजवळचा आकडा तेवढा आहे, आणि शून्यातून काय वजा करणार?

हे नागपूरला जमणार नाही असे म्हणणाऱ्याने शहराकडे जरा पाहावे. देशाचे अग्निशमन महाविद्यालय इथे, आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी इथे, उपग्रहावरून वस्त्यांचे तापमान काढू शकणारे महाराष्ट्राचे सुदूर संवेदन केंद्र इथे, विभागीय हवामान केंद्र सोनेगावला. सगळी तयारी आहे. नाही ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातली रोजची बेरीज, जनतेला दिसेल अशी. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद बंधनकारकच आहे. देशात वैद्यकीय कारण जेमतेम पाव हिश्श्याच्या नोंदींना जोडलेले असते, म्हणून कारणावर उभी केलेली इमारत ढासळते. बेरजेला कारण लागत नाही. लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंतच्या दहा झोनांची मागची दहा-पंधरा वर्षे रोजवार मांडावीत: तारीख, झोन, स्त्री की पुरुष, वयोगट, मृत्यू. नाव नको, पत्ता नको, म्हणून खासगीपणाची अडचण नाही. एका झोनाचा एका दिवसाचा आकडा लहान असतो, वरखाली होतो. त्यावरून कुणी बातमी करू नये, आठवड्याची बेरीज पाहावी. बाहेरगावाहून मेडिकलला आणलेले रुग्ण या शहराचा आकडा फुगवतात, हा आक्षेप योग्य आहे. राहण्याचे ठिकाण नोंदीत असतेच, त्यावरून ते वेगळे काढता येतात. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथून आलेले किती, हेही मग कळेल, आणि ती माहिती त्या जिल्ह्यांच्या कामाची आहे.